कुत्र्यासकट

डिसेंबर लागला की बेळगावात ब्लँकेटं वाटणारे हात वाढतात. रात्री दुकानांची शटरं खाली आली की एखादी गाडी खडेबाजारातून सावकाश सरकत येते. मंडळाची पोरं उतरतात, ओट्यावर मुटकुळं करून झोपलेल्या माणसाच्या अंगावर ब्लँकेट टाकतात आणि पुढच्या ओट्याकडे जातात. कुणी फोटो काढतं, कुणी काढत नाही. काढणाऱ्यांविषयी माझी तक्रार नाही. समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांवरच्या या गावात पहाटे जो गारठा पडतो, त्यात ब्लँकेट कुणी दिलं याला महत्त्व नसतं, ते मिळालं याला असतं. कॅम्पातल्या, म्हणजे इथल्या लष्करी छावणीच्या भागातल्या, काही कुटुंबांबरोबर मीही नाताळच्या दिवसांत या कामाला जाते. त्या ब्लँकेटाखाली असणाऱ्या दुसऱ्या जिवाविषयी बरेच दिवस लिहायचं होतं.

स्टेशनासमोरची दुकानं, कपिलेश्वर उड्डाणपुलाखालची जागा, बसस्टँडची मागची बाजू, गणपत गल्लीतले ओटे. यांपैकी कुठंही माणूस एकटा झोपलेला दिसला तर नीट बघा. बहुतेक वेळा त्याच्या पायाशी, पाठीला टेकून किंवा थेट पोटाशी एक कुत्रं असतं. आपली समजूत अशी की गल्लीतलं भटकं कुत्रं ऊब शोधत येऊन बसलंय. म्हणून ब्लँकेट टाकण्याआधी आपण त्याला हाड् हाड् करून उठवतो. मग झोपलेला माणूस दचकून जागा होतो आणि ब्लँकेटाकडे न बघता आधी कुत्र्याला हाक मारतो. त्याचं नाव घेऊन. मोत्या, राजा, टिप्या, गंगी. ज्याला नाव आहे आणि त्या नावानं बोलावणारं कुणी आहे, त्या कुत्र्याला भटकं कसं म्हणायचं?

गंगी ही खडेबाजाराजवळच्या एका बंद दुकानाच्या ओट्यावर राहणाऱ्या आज्जींची. आज्जी कृष्णाकाठच्या. 2019 च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी चिकोडी, रायबाग, अथणी तालुक्यांतल्या गावांत घुसलं आणि मातीच्या भिंतींची घरं बसली. त्यांतलं एक यांचं. भाऊबंदांच्या दारात काही दिवस काढले, मग कुणाचं तोंड बघायला नको म्हणून बेळगावची गाडी धरली. कपड्याच्या दुकानांपुढं झाडलोट करतात, सकाळी फुलवाल्यांना मदत करतात, त्यावर भागतं. गंगी पिल्लू असताना गटारात पडली होती, ती यांनी काढली. एवढीच हकिकत. आज्जी ती सांगताना काही विशेष केल्यासारखं सांगत नाहीत.

"तुम्ही निवाऱ्यात का जात नाही?" असं मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं.

"गेलो हुतो की. चांगलं हाय तितं. चहा देत्यात, दिवा असतोय रातभर. पण हिला भाईर बांधा म्हणाले. बांधली तर ही रातभर वरडणार, मग लोक मला बोलणार. सोडली तर गाडीवाले उचलणार. मग आलो परत."

"एका रात्रीचाच प्रश्न होता ना, आज्जी?"

"हितं मी झोपतो तवा ही जागी असती. एक दारू पिऊन यायचा रातचा. हिनं त्याची पँट धरली, तवापासनं येत न्हाई. मी तितं आत पडू आणि हिला रस्त्यावर ठेवू? तसं कसं हुतंय, बाई."

या उत्तराला मी काय बोलणार होते? रस्त्यावर झोपणाऱ्या बाईला रात्र म्हणजे काय, हे आपल्याला कड्या-कुलपांच्या आत बसून नीटसं कळत नाही. आज्जींचं दार म्हणजे गंगी. आपण त्यांना छप्पर देऊ करतो आणि बदल्यात दार काढून घेतो. आणि हे फक्त राखणीपुरतंही नाही. दिवसभरात आज्जींशी बोलणारे किती जण असतील? "सरक", "ऊठ", "इथं बसू नको" एवढंच ज्यांना ऐकायला मिळतं, त्यांच्या अंगावर संध्याकाळी कुणीतरी आनंदानं झेपावत असेल, तर त्या आनंदाची किंमत निवाऱ्यातल्या गादीनं भरून निघत नाही.

गावाबाहेर पडलं की हा प्रश्नच उरत नाही. दिवाळीनंतर आमच्या जिल्ह्यात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात, साखर कारखान्यांच्या आजूबाजूला त्यांच्या कोप्या उभ्या राहतात आणि कोप्यांपुढं कुत्री बसलेली असतात. मुकादम कुणाला विचारत नाही की कुत्रं कशाला आणलं. चिकोडी-अथणीकडच्या माळांवर धनगरांचे तळ पडतात, तिथं कुत्र्याशिवाय रात्र काढायचा विचारही कुणी करत नाही. या सगळ्यांना त्या दिवसांत पक्कं घर नसतं, पण बिऱ्हाड असतं, आणि बिऱ्हाडात कुत्रं धरलेलं असतं. माणूस शहराच्या फुटपाथवर आला की मात्र आपण त्याचं बिऱ्हाड सुटं करून मोजायला लागतो: माणूस एका खात्यात, कुत्रं दुसऱ्या खात्यात.

खाती खरोखरच वेगळी आहेत. बेघर माणसांची मोजणी जनगणनेत होते. 2011 च्या जनगणनेत 28 फेब्रुवारीच्या रात्री ती झाली आणि देशभरात 17 लाखांहून अधिक बेघर नोंदले गेले. शहरी बेघरांसाठीच्या केंद्राच्या योजनेत दर एक लाख लोकवस्तीमागे 100 माणसांचा एक निवारा आणि माणशी 50 चौरस फूट जागा, असं धोरण ठरवलेलं होतं. त्याच जनगणनेत बेळगाव शहराची वस्ती पावणेपाच लाखांच्या पुढे होती, म्हणजे हिशेब ज्यानं त्यानं करावा. कर्नाटकात 1975 चा भिक्षा प्रतिबंध कायदा आहे, आणि आपण सगळे मालमत्ता करासोबत त्यासाठी तीन टक्के उपकर भरतो. भीक मागणाऱ्यांना निराश्रित केंद्रात नेऊन ठेवायची सोय त्यातून चालते. घरपट्टीच्या पावतीवर ती ओळ असते, बघितली नसेल तर बघा. सांगायचं ते एवढंच, की बेघरांसाठी पैसा, कायदा, जागा यांचा विचार झालेला आहे. त्या विचारात कुत्रं कुठंच आलेलं नाही. आणि कुत्र्यांचा जो कायदा आहे, म्हणजे 2001 चे आणि आता 2023 चे प्राणी जन्म नियंत्रण नियम, त्यात रस्त्यावर राहणारा मालक आलेला नाही. पाळीव म्हणून नोंद करायची तर घराचा पत्ता लागतो. पत्ता नाही म्हणून गंगी भटकी. आज्जींच्या 50 चौरस फुटांत तिला गोणपाटाएवढी जागा लागेल. ती जागा मोजून ठेवलेली आहे, फक्त तिच्या नावावर नाही.

नाताळात हे सगळं मला जास्त टोचतं, त्याला कारण आहे. आमच्याकडे हा सगळा काळच कुत्र्यांच्या देवांचा. मार्गशीर्षात चंपाषष्ठी येते, खंडोबाच्या पायाशी कुत्रं. मग दत्तजयंती, दत्ताच्या भोवती चार कुत्री. त्याच्या मागेपुढे नाताळ. बेळगावची माणसं नरसोबाच्या वाडीला जातात, पालखीला उभी राहतात. ती चार कुत्री म्हणजे चार वेद, असं लहानपणी आजोबांनी सांगितलं होतं आणि ते मी मानते. पण अलीकडे तसबिरीकडे बघताना वेगळंच काही दिसतं. दत्त हा घर नसलेला देव आहे. भिक्षेला कोल्हापुरात, झोपायला माहूरला, अशी त्याची ख्याती. ज्याला रोज उठून दुसऱ्याच्या दारात झोळी पसरायची आहे, त्याच्यासोबत कुत्री आहेत आणि त्यांना बाहेर बांधून ये असं कुठल्याच दारानं म्हटलेलं नाही. त्या मूर्तीला आपण कुत्र्यांसकट गाभाऱ्यात बसवलं आहे.

कॅम्पातल्या माझ्या शेजारीण आंटींना हे बोलून दाखवलं, तर त्या म्हणाल्या, आमच्याकडे लाजर आहे की. लूकच्या शुभवर्तमानातली ती गोष्ट. श्रीमंताच्या दाराशी फोडांनी भरलेला लाजर पडलेला असतो, ताटातलं उष्टं मिळावं एवढीच त्याची इच्छा, आणि कुत्री येऊन त्याचे फोड चाटतात. आंटींचं म्हणणं असं, की त्या गोष्टीत लाजरजवळ येणारं दुसरं कुणीच नाही, फक्त कुत्री. आणि उतारशाळेत जागा मिळाली नाही म्हणून बाळ गव्हाणीत ठेवलं, हेही लूकनंच लिहिलंय. "एकाच माणसानं दोन्ही लिहिलं, बघ. गोठा करताना आम्ही गाय ठेवतो, गाढव ठेवतो, मेंढरं ठेवतो. कुत्रं ठेवायला काय हरकत आहे?" त्यांनी त्या वर्षी मातीचं एक काळं कुत्रं मेंढपाळाच्या पायाशी ठेवलं. त्यांच्या सुनेला ते फारसं आवडलं नाही, पण नातवंडांनी हलवू दिलं नाही.

बेघरांना कुत्र्यांसकट सांभाळायचं काम ब्रिटनमध्ये सुरू होऊन तीस वर्षांहून जास्त काळ झाला. डॉग्ज ट्रस्ट ही 1891 साली स्थापन झालेली जुनी संस्था. तिनं 1994 साली होप प्रोजेक्ट नावाचं काम सुरू केलं. बेघर माणसांच्या कुत्र्यांवर फुकट उपचार, आणि निवारे चालवणाऱ्यांना भेटून कुत्र्यांना आत घेण्यासाठी राजी करणं, नियम बसवून देणं. नाताळात या कुत्र्यांसाठी भेटीची पार्सलंही जातात. 2016 साली लंडनमध्ये दोन पशुवैद्यांनी पाठीवर औषधांची पिशवी टाकून फुटपाथवरच कुत्री तपासायला सुरुवात केली, त्यातून स्ट्रीटव्हेट उभं राहिलं. 1967 पासून बेघरांसाठी काम करणारी क्रायसिस ही संस्था नाताळच्या दिवसांत बेघरांसाठी केंद्रं उघडते, तिथं माणसांसोबत कुत्र्यांनाही ठेवायची सोय केलेली आहे.

हे वाचून पहिल्यांदा मनात आलं की श्रीमंत देशाचे लाड आहेत. मग नीट विचार केला तेव्हा दिसलं की यात महाग असं फार थोडं आहे. लस, पट्टा, दोरी, एक जुनी चादर आणि दार उघडणारा माणूस. फरक आहे तो दुसऱ्याच ठिकाणी. तिकडे माणसाशिवाय फिरणारं कुत्रं रस्त्यावर राहूच दिलं जात नाही, त्यामुळे बेघराचं कुत्रं हे त्याचंच, हे सगळ्यांना उघड दिसतं. आपल्याकडे गल्लीगल्लीत कुत्री आहेत. त्यांतलं कुठलं कुणाचं, हे फक्त त्या दोघांना ठाऊक असतं. म्हणून तिकडचं काम इथं उचलून आणता येत नाही. इथं पहिलं काम ते नातं बाहेरच्यांना दिसेल असं करणं.

आणि ते आता तातडीचं झालं आहे. 7 नोव्हेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला, की शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बसस्टँड आणि रेल्वे स्टेशनं या जागांतली भटकी कुत्री उचलावीत, नसबंदी आणि लसीकरण करून निवाऱ्यात ठेवावीत, परत त्याच जागी सोडू नयेत. आदेशामागची भीती खोटी नाही. मुलांना कुत्री चावतात, रेबीज झाल्यावर माणूस वाचत नाही, आणि लस परवडत नाही किंवा जखम साबणानं पंधरा मिनिटं धुवायची हेच माहीत नाही, अशा घरांतलीच पोरं बहुतेकदा जातात. मी कुत्र्यांची बाजू घेते म्हणून त्या आईबापांच्या विरुद्ध उभी नाही. पण बसस्टँड आणि रेल्वे स्टेशन, या दोन जागा जरा थांबून वाचा. बेघर माणूस रात्री जातो कुठं? जिथं दिवे असतात, पाणी असतं, माणसांची जाग असते तिथंच. म्हणजे ज्या कुत्र्यांचं सगळं जग एक माणूस आहे, ती नेमकी याच दोन जागी सापडणार. गाडी आली, जाळं पडलं, आणि माणूस मागे पळत "माझं हाय, माझं हाय" म्हणत राहिला, तर त्याच्याकडे दाखवायला काय असतं?

काहीतरी असावं म्हणून आम्ही लसीपासून सुरुवात केली. यात सगळ्यांचंच हित आहे. रेबीज आटोक्यात आणायचा तर भागातल्या किमान 70 टक्के कुत्र्यांना लस टोचलेली असावी लागते. आमच्या शेजारच्या गोव्यानं मिशन रेबीज या संस्थेच्या मदतीनं 2014 पासून हे काम नेटानं केलं, आणि 2021 मध्ये रेबीज नियंत्रणात आल्याचं जाहीर केलं. चोर्ला घाट उतरला की गोवा, इतकं ते जवळ आहे. या कामात सगळ्यात अवघड असतं ते कुत्रं पकडणं. आणि बेघर माणसाचं कुत्रं पकडावं लागत नाही, हाक मारली की येतं. डॉक्टरांनी सुई काढली आणि आज्जींनी गंगीचं तोंड कुशीत घेतलं. झालं. मोकाट कुत्र्यामागे जाळी घेऊन धावणाऱ्या माणसांना विचारा, एवढ्या सहज झालेल्या लसीची किंमत काय ते. माणूस आणि कुत्रं वेगळं केलं, तर लस देण्यासाठी भरवशानं हाती येणारं हे एकमेव कुत्रं आपण मोकाट कुत्र्यांत ढकलतो.

लसीच्या कार्डावर मालकाचं नाव असतं आणि पत्ता असतो. आमच्या भागातले एक सरकारी पशुवैद्य रविवारी स्वतःच्या वेळात आले होते. पुलाखाली राहणाऱ्या, हातगाडी ओढणाऱ्या काकांना त्यांनी पत्ता विचारला. काका गप्प. कंपाउंडर म्हणाला, मोकळा सोडू का सर रकाना? डॉक्टर म्हणाले, मोकळा कशाला, राहतात ना कुठंतरी? आणि लिहिलं: कपिलेश्वर पूल, स्टेशनच्या बाजूनं दुसरा खांब. काकांनी ते कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत, त्यावर दुसरी पिशवी, असं गुंडाळून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवलं. तिथं त्यांचं आधार कार्ड असतं.

नसबंदीला मात्र कुणी तयार होईना. गाडीतून नेलेलं कुत्रं परत येतं यावर त्यांचा विश्वास नाही, आणि का असावा? नियमाप्रमाणे शस्त्रक्रियेनंतर निदान चार दिवस ठेवून कुत्र्याला जिथून उचललं तिथंच सोडायचं असतं, कानाला खूण करून. पण नियम ज्यांच्या बाजूनं कधी वापरले गेले नाहीत, त्यांना नियम सांगून काय उपयोग. आज्जींनी एकच अट घातली: गाडीत मी पण बसणार. नसबंदी केंद्रातल्या लोकांनी खळखळ केली, मग ऐकलं. आज्जी ते दिवस केंद्राच्या व्हरांड्यात राहिल्या आणि गंगीचा टाका भरेपर्यंत तिथली इतर कुत्रीही त्यांच्याच हातचं खाऊ लागली. परतल्यावर त्यांनीच ओट्याओट्यावर सांगितलं, तेव्हा बाकीचे तयार झाले. आम्ही वर्षभर सांगून जे झालं नसतं, ते त्यांच्या एका फेरीनं झालं.

नाताळच्या आठवड्यातलं काम साधं असतं. कॅम्पातल्या घरांत त्या दिवसांत नेवऱ्या, कुलकुलं, दोदोल, केक यांचा घमघमाट असतो, आणि मनानं उदार माणसं ताट भरून फुटपाथवर आणतात. त्यांना मी हात जोडून एक गोष्ट सांगत असते: प्लम केक माणसाला द्या, कुत्र्याला देऊ नका. त्यातले बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक असतात. चॉकलेटही नको. कांदा-लसणाचा रस्साही नको, शिजवलेल्या कोंबडीची हाडंही नकोत, ती आत टोचतात. आणि माणसं देतातच, कारण रस्त्यावरचा माणूस मिळालेल्यातला पहिला तुकडा कुत्र्याला घालतो. म्हणून आम्ही दोन डबे करतो. एकात माणसाचं जेवण, दुसऱ्यात बिनमिठाचा भात, उकडलेली कलेजी किंवा अंडं, वर ज्वारीची भाकरी कुस्करून. दुसरा डबा हातात आला की माणूस आपलं जेवण आपण खातो. हे लक्षात यायला आम्हाला वेळ लागला. कुत्र्याची सोय केली की माणूस पोटभर जेवतो.

मग येते 31 तारीख. बेळगावच्या कॅम्पात ओल्ड मॅन जाळायची जुनी रीत आहे. गवत, चिंध्या आणि फटाके भरलेला म्हातारा दिवसभर चौकात खुर्चीवर बसलेला असतो, बारा वाजता त्याला पेटवतात. पोरांची आठवडाभराची मेहनत असते त्यात, आणि जळणाऱ्या जुन्या वर्षाच्या उजेडात सगळा कॅम्प रस्त्यावर येतो. मला तो सोहळा आवडतो, लहानपणापासून. पण त्या रात्री बारा ते एक या वेळात जेवढी कुत्री हरवतात, तेवढी महिनाभरात हरवत नसतील. ज्याला घर आहे ते कुत्रं पलंगाखाली शिरतं. ज्याला घर म्हणजे एक माणूस आहे, ते त्या आवाजानं बिथरून सुटतं, तीन चौक ओलांडतं, दुसऱ्या कळपाच्या हद्दीत जातं, आणि सकाळी सापडतं किंवा सापडत नाही. एका नववर्षाच्या सकाळी एक माणूस स्टेशन ते गोवावेस असा टिप्याला हाका मारत फिरताना मी बघितला आहे. त्याला नाश्ता दिला तर हातात धरून उभा राहिला. टिप्या मिळाला नाही.

तेव्हापासून आम्ही 24 आणि 31 च्या आधी सुती दोऱ्या आणि रात्री गाडीच्या उजेडात चमकणारे पट्टे वाटतो. पट्ट्यावर नाव आणि आमच्यातल्या कुणाचातरी फोन नंबर. नायलॉनची दोरी नको, गळ्यात रुतते. संध्याकाळीच चौकापासून लांब, भिंतीच्या कोपऱ्यात बिऱ्हाड हलवायला मदत करतो. ओल्ड मॅन करणाऱ्या पोरांनाही सांगितलं. त्यांनी आपणहून फटाके कमी केले नाहीत, ते खरं. पण पेटवायच्या आधी पुलाखाली निरोप द्यायला एक पोरगा सायकलवरून यायला लागला. एवढंही पुष्कळ आहे, दहा मिनिटं आधी कळलं तरी कुत्र्याला मिठीत धरून बसता येतं.

हातगाडीवाल्या काकांच्या पायाला साखरेच्या आजारानं, म्हणजे मधुमेहानं, जखम झाली, तेव्हा हाच धागा दुसऱ्या टोकानं हाती आला. डॉक्टरांनी दाखल व्हायला सांगितलं, काका नाही म्हणाले. वॉर्डातल्या लोकांना वाटलं, अडाणी माणूस आहे, पाय कापतील म्हणून घाबरतो. त्यांना "का" असं कुणी विचारलंच नव्हतं. दोन कुत्री पुलाखाली होती, त्यांना बघायला कुणी नव्हतं, म्हणून माणूस सडता पाय घेऊन परत निघाला होता. टिळकवाडीतल्या कॉलेजच्या एका मुलानं दोन्ही कुत्री आपल्या अंगणात नेली, तेव्हा काका दाखल झाले. तो मुलगा रोज संध्याकाळी फोनवर कुत्री दाखवायचा. पाय वाचला, बोट गेलं. बेघर माणसाच्या केसपेपरवर "सोबत कुत्रं आहे का" एवढा एक प्रश्न छापला, तर किती पाय वाचतील असं मला वाटत राहतं.

यंदा आम्ही एका निवाऱ्याच्या व्यवस्थापकांकडे बसलो. अर्ज कन्नडमध्ये लिहिला होता, खाली मराठीत, कारण वाचणारे दोन्ही आहेत. मागणी लहान: मागचा पत्र्याचा व्हरांडा 24 डिसेंबर ते 1 जानेवारी एवढे दिवस कुत्री असलेल्या माणसांना द्यावा. माणूस आणि कुत्रं एकाच जागी झोपतील. ज्याच्याकडे लसीचं कार्ड असेल त्यालाच प्रवेश. सकाळी झाडून, फिनेल टाकून व्हरांडा धुण्याचं काम आमच्याकडे. आत झोपणाऱ्या कुणाला कुत्र्याची भीती असेल तर मधलं दार बंद. ते बराच वेळ कागद बघत राहिले. चावलं तर जबाबदार कोण, हा त्यांचा प्रश्न रास्त होता, त्यावर आम्ही सह्या दिल्या. वरून लेखी काही येणार नाही, पण या नऊ रात्री मी बघून घेतो, असं ते शेवटी म्हणाले. पुढच्या वर्षीसाठी लेखी परवानगी मागायची आहे, आणि ती नाताळापुरती नाही, सबंध थंडीसाठी.

तो निरोप घेऊन खडेबाजारात गेले. आज्जी फुलांचे देठ खुडत बसल्या होत्या. व्हरांडा केवढा, वारा कुठून येतो, पत्रा वाजतो का, रात्री बाहेर पडायला दार उघडं असतं का, असं सगळं त्यांनी विचारून घेतलं. मग गंगीकडे बघून म्हणाल्या, "हिला घेऊन एकदा दिवसाचं येऊन बघतो. हिला पटलं तर ऱ्हातो."